जुन्या इंजिनांची किट्स: डबा आधी वाचावा, मग जोडावा

परभणी, नांदेड आणि लातूरकडच्या ओळखीच्या मंडळींकडून मला वर्षातून दोन-चार वेळा तरी एकच प्रश्न येतो. कोणाला परदेशातल्या नातेवाइकाने जुन्या खेळण्यांच्या दुकानातून एक डबा आणून दिलेला असतो, तर कोणी हौसेने इंटरनेटवरच्या लिलावात तो घेतलेला असतो. डब्यात रुळांवर चालणाऱ्या, खेळण्याएवढ्या वाफेच्या इंजिनाचे सुटे भाग असतात, एक पिवळी पडलेली सूचनापत्रिका असते, आणि प्रश्न असा असतो की हे चिकटवायचे कशाने. माझे उत्तर ठरलेले आहे. चिकटवण्याचा प्रश्न चौथा किंवा पाचवा आहे. पहिला प्रश्न हा की हे किट कोणत्या काळातले आहे आणि कशाचे बनलेले आहे. १९३० च्या दशकातले अमेरिकन किट बहुधा जस्ताच्या ओतीव भागांचे आणि स्क्रूने जोडायचे असते, १९५० च्या दशकातले ब्रिटिश किट शिसे-कथिलाच्या मिश्रधातूचे असते, तर १९६० च्या आसपासचे प्लास्टिकचे असू शकते. या तिघांना लागणारी हत्यारे वेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याचा नाश करतो. म्हणून या लेखात इतिहास आधी सांगितला आहे, कारण कामाची पहिली पायरी तीच आहे.

मराठवाड्यात या छंदाची ओढ कशी निर्माण होते, हे वेगळे सांगायला नको. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे हैदराबादकडे जाणारी मीटर गेज मार्गिका निजामाच्या राज्यातून सुरू झाली आणि १९९० च्या दशकात तिचे ब्रॉड गेजमध्ये रूपांतर होईपर्यंत आमच्या पिढीचे लहानपण तिच्या शिट्टीवर गेले. पूर्णा जंक्शनच्या शेडबाहेर उभ्या असलेल्या इंजिनाच्या चाकाखालून पडणारे गरम पाणी, ओल्या कोळशाचा वास आणि ड्रायव्हरच्या हातातले तेलाचे लांब नळीचे भांडे मला आजही जसेच्या तसे आठवते. लातूरकरांची आठवण याहून लहान गाडीची आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, तिच्या रुळांमधले अंतर फक्त अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर होते आणि १९११ मध्ये ती लातूरपर्यंत पोहोचली. या आठवणी घेऊनच आपल्याकडचा नवखा माणूस किटचा डबा उघडतो, आणि डब्यातले इंजिन मात्र लंडनच्या किंवा पेनसिल्व्हेनियाच्या रुळांवरचे निघते. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. हात बसेपर्यंत परके इंजिनच बरे. आपले इंजिन नंतर करता येते, आणि ते कसे, हे पुढे सांगितले आहे.

पहिली पायरी: किट कोणत्या काळातले आहे ते ठरवणे

खेळण्यातल्या गाड्यांच्या रुळांची ठरावीक मापे पाडण्याचे श्रेय जर्मनीतल्या मार्कलिन कंपनीला दिले जाते. तिने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मापांनुसार रचलेली रेल्वे मांडली. तोपर्यंत एकाचे इंजिन दुसऱ्याच्या रुळांवर चालत नसे. माप ठरल्यावर इंजिन एकाकडून आणि रूळ दुसऱ्याकडून घेता येऊ लागले, आणि सुटे भाग विकणे तेव्हापासूनच परवडू लागले. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक यांनी जर्मनीतल्या बिंगसारख्या कारखान्यांकडून इंजिने करून घेऊन विकण्याबरोबरच घरी लेथ असलेल्या हौशी कारागिरांसाठी ओतीव भागही टपालाने पाठवण्याचा व्यवसाय उभा केला. त्या काळचा ‘संच’ म्हणजे न कातलेल्या बिडाच्या आणि पितळेच्या ओतीव ठोकळ्यांची पिशवी असे. असे काही हाती आले तर नवख्याने ते जपून ठेवावे. ते लेथ चालवणाऱ्याचे काम आहे.

ब्रिटनमधलेच खेळणी बनवणारे फ्रँक हॉर्नबी यांचा मार्ग निराळा होता. मेकॅनो या खेळण्याच्या भोके पाडलेल्या पट्ट्यांचा शोध त्यांचाच, आणि १९२० मध्ये त्यांनी काढलेली पहिली किल्लीची गाडीसुद्धा नट-बोल्टने जोडलेली होती, म्हणजे मुलाला ती सुटी करून पुन्हा उभी करता येत असे. माझ्या मते जोडून शिकण्याचे इंजिन ही कल्पना खऱ्या अर्थाने घराघरांत गेली ती इथून. त्या इंजिनाचे भाग पत्र्याचे असतात, त्याच्या रुळांमधले अंतर ३२ मिलिमीटर असते आणि त्या मापाला ‘ओ’ म्हणतात.

त्यानंतर घरे लहान झाली तशा गाड्याही लहान झाल्या. १९२२ मध्ये बिंगने टेबलावर मावणारी गाडी काढली, १९३५ च्या सुमारास ट्रिक्स आणि मार्कलिन यांनी विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आणल्या, आणि १९३८ मध्ये हॉर्नबींच्या कंपनीची हॉर्नबी डब्लो ही छोटी गाडी आली. इथे एक तांत्रिक अडचण उभी राहिली, तिचा परिणाम आजही आपल्या हातातल्या किटवर दिसतो. ब्रिटनची खरी इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने बारीक असतात. एका फुटाला साडेतीन मिलिमीटर (म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या) या ‘एचओ’ प्रमाणात त्यांचे शरीर केले, तर त्या वेळची मोटर त्यात मावत नसे. म्हणून ब्रिटिशांनी शरीर एका फुटाला ४ मिलिमीटर या प्रमाणात मोठे केले, पण रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचेच ठेवले. हे ‘ओओ’ प्रमाण. त्यामुळे जुने ब्रिटिश किट अमेरिकन किटशेजारी ठेवले की खरे इंजिन लहान असूनही मॉडेल अंगाने भरलेले दिसते. नवख्याला वाटते की आपले काहीतरी चुकले. वास्तविक ही तडजोड १९३० च्या दशकातल्या मोटरच्या आकारामुळे झाली आहे.

अमेरिकेत याच दशकात मँटुआ आणि व्हार्नी या कंपन्यांनी एचओ मापात धातूच्या ओतीव भागांची इंजिन-किट्स बाजारात आणली. शरीर जस्ताच्या मिश्रधातूचे, भोके कधी पाडलेली तर कधी फक्त खुणेने दाखवलेली, आणि जोडणी बारीक स्क्रूंची. महायुद्धानंतर बाउझर, पेन लाइन, राउंडहाउस अशा नावांनी हीच परंपरा पुढे चालली. ही किट्स जड, मजबूत आणि दीर्घायुषी असतात. ज्याला कानस आणि पेचकस चालवायची सवय आहे, त्याने सुरुवात यांच्यापासून करावी असे मी आग्रहाने सांगतो.

ब्रिटनमध्ये १९५० आणि १९६० ही दोन दशके व्हाइट मेटलची, म्हणजे कथिल, शिसे आणि अँटिमनी यांच्या मऊ मिश्रधातूची होती. या धातूसाठी रबराचा साचा पुरतो, पोलादी साच्याचा मोठा खर्च लागत नाही, आणि त्यामुळे एखाद्या लहान कार्यशाळेलाही शे-दोनशे नग ओतून विकणे परवडे. विल्स फाइनकास्ट आणि के’ज ही त्या काळची सर्वांत ओळखीची नावे. जेमिसनसारखे काही जण कापून तयार केलेल्या पत्र्याची किट्स देत. पुढे रसायनाने कोरलेल्या पातळ पितळी पत्र्यांची किट्स रुळली, पण ती नवख्याने पहिल्यांदा घेऊ नयेत. त्यांत घडी घालणे, डाख देणे (म्हणजे सोल्डरने सांधणे) आणि मोजमाप या तिन्ही गोष्टी एकाच वेळी अचूक याव्या लागतात.

प्लास्टिकचा इतिहास छोटा आणि रंजक आहे. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या राउंड्झ गावी रोझबड नावाची बाहुल्यांची कंपनी होती. तिने १९५९ मध्ये किटमास्टर या नावाने इंजिनांची प्लास्टिक किट्स काढली. त्यांत स्टीफन्सनचे रॉकेट होते, तसेच स्वित्झर्लंडचे क्रोकोडाइल आणि अमेरिकेचे जनरलही होते. तीनच वर्षांत, १९६२ मध्ये, हे साचे एअरफिक्स या दुसऱ्या किट-कंपनीकडे गेले. एअरफिक्सने त्यातले निवडक पुन्हा काढले, आणि १९८० च्या दशकात ते डापोल या कंपनीकडे आले. म्हणजे एकाच साच्यातून निघालेले तेच इंजिन तीन वेगवेगळ्या नावांच्या वेष्टनांत मिळते. जोडायला घेणाऱ्याने सर्वांत नवे वेष्टन घ्यावे, कारण इंजिन तेच असते आणि किंमत कमी असते. न उघडलेला मूळ किटमास्टरचा डबा संग्राहकांसाठी मोलाचा असतो. तसा सापडला तर तो जोडण्याआधी दहा वेळा विचार करावा.

दुसरी पायरी: धातू ओळखणे

डब्यावर नाव नसले, किंवा नाव एक आणि आतला माल दुसरा असला, तरी धातू आपली ओळख स्वतः देतो. व्हाइट मेटलचा भाग कोऱ्या कागदावर हलके ओढला की शिसपेन्सिलीसारखी राखाडी रेघ उमटते. तो हाताला त्याच्या आकाराच्या मानाने फार जड लागतो आणि पातळ भाग बोटाने वाकतो. जस्ताचा भाग कडक असतो, रेघ उमटवत नाही, आणि कानशीला चांगली दाद देतो. पितळ रंगावरून कळते, पण जुने पितळ काळवंडलेले असते, म्हणून आतल्या बाजूला कानशीचा एक हलका हात मारून पाहावा. चुंबक फक्त पोलादी भागांना धरेल.

जस्ताच्या बाबतीत एक रोग नीट समजून घेतला पाहिजे. मिश्रधातू तयार करताना त्यात शिशाचा थोडासा जरी अंश मिसळला गेला असेल, तर वर्षानुवर्षे हवेतल्या ओलाव्याने धातूच्या कणांमधल्या सीमा आतून पोखरल्या जातात. भाग आधी फुगतो, मग वेडावाकडा होतो, मग त्यावर केसासारख्या भेगा पडतात आणि शेवटी बिस्किटासारखा त्याचा चुरा होतो. महायुद्धापूर्वीच्या चाकांमध्ये आणि ओतीव भागांत हे फार आढळते. यावर औषध नाही. रंगाने, गोंदाने किंवा तेलाने तो थांबत नाही, म्हणून असा भाग दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये, त्याची मापे घ्यावीत आणि बदली भाग शोधावा. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून चाकांचे आणि चेसिसच्या (म्हणजे चाके व मोटर बसवायच्या खालच्या चौकटीच्या) कडांचे जवळून घेतलेले फोटो मागवण्यामागे हेच कारण आहे. एका विक्रेत्याने मला ‘संपूर्ण’ म्हणून पाठवलेल्या किटमध्ये एका बाजूचा सिलिंडरच नव्हता आणि चेसिसला भेगा होत्या. फोटोत डब्याचे झाकण तेवढे सुंदर दिसत होते. तेव्हापासून मी सर्व भाग पांढऱ्या कागदावर मांडलेला फोटो आल्याशिवाय पैसे देत नाही. परदेशातून टपालाने येणाऱ्या वस्तूवर सीमाशुल्कही लागू शकते, ते किमतीत धरूनच बोली लावावी.

तिसरी पायरी: किट पूर्ण आहे का, हे विचारण्याची योग्य रीत

नवखा माणूस सर्वांत जास्त इथे फसतो. त्या काळची कितीतरी ब्रिटिश किट्स मुळातच अर्धी होती: डब्यात फक्त इंजिनाचे शरीर, आणि खाली बसवायचे चेसिस, मोटर व चाके ट्राय-अँग या ब्रिटिश कंपनीच्या किंवा हॉर्नबी डब्लोच्या तयार इंजिनातून काढून घ्यायची. ट्राय-अँगच्या ‘जिंटी’ या सहा चाकी टाकी-इंजिनाचे चेसिस असे कितीतरी शरीरांखाली गेले आहे. म्हणून ‘चाके हरवली’ असे वाटले तर आधी सूचनापत्रिकेत कोणते चेसिस लागेल ते वाचावे. ते चेसिस वेगळे मिळते, आणि पुष्कळदा किटपेक्षा स्वस्तही मिळते. मात्र हॉर्नबी डब्लोचे चेसिस घेताना ते तीन रुळांचे की दोन रुळांचे हे विचारावे; १९५९ पर्यंत डब्लोची गाडी मधल्या तिसऱ्या रुळातून वीज घेत असे आणि ती आजच्या दोन रुळांवर तशीच चालत नाही.

सूचनापत्रिका मिळाली की तिचे स्कॅन करून छापील प्रतीवर काम करावे. मूळ पत्रिका घडीवर फाटते. मग वर्तमानपत्रावर नव्हे, पांढऱ्या कापडावर एकेक भाग मांडून पत्रिकेतल्या आकृतीशी जुळवावा आणि नसलेल्या भागांची यादी करावी. कापड अशासाठी की जुन्या किटमधली दोन मिलिमीटरची पितळी शिट्टी फरशीवर उडाली तर ती पुन्हा सापडत नाही.

स्क्रूंची अडचण आपल्याकडे हमखास येते. ब्रिटिश किटमध्ये बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे आटे असतात. ८ बीए म्हणजे २.२ मिलिमीटर आणि १० बीए म्हणजे १.७ मिलिमीटर व्यासाचा स्क्रू. अमेरिकन किटमध्ये २-५६ हा साधारण २.१८ आणि ०-८० हा साधारण १.५२ मिलिमीटरचा स्क्रू असतो. आपल्या बाजारात एम-२ म्हणजे दोन मिलिमीटरचा स्क्रू सहज मिळतो आणि डोळ्यांना तो सारखाच दिसतो, पण आटे वेगळे असल्यामुळे तो दोन फेऱ्या जाऊन अडकतो, आणि त्यानंतर जोर लावला की मऊ धातूतले आटे कापले जातात. मूळ स्क्रू गंजला असेल तर तो एखाद्या अनुभवी घड्याळजीला दाखवावा. भिंग, बारीक चिमटे, सुईच्या टोकाएवढे तेल सोडण्याची नळी आणि अडकलेला स्क्रू न मोडता काढण्याचा संयम हे सगळे त्याच्याजवळ असते. जालन्याच्या एका घड्याळजीकडून मी जेवढे शिकलो तेवढे कोणत्याही पत्रिकेतून शिकलो नाही. अडीच-तीन मिलिमीटरचे एखादे बुश (धुरा ज्यात फिरतो ती बारीक नळी) कातून हवे असेल तर वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतला लेथवाला ते करून देऊ शकतो. त्याला तोंडी माप सांगू नये, कागदावर काढून द्यावे.

चौथी पायरी: धुणे

जुन्या भागांवर साच्याचे तेल, गोंद आणि साठ वर्षांची धूळ असते. भांडी घासण्याच्या द्रवाने कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवावे. आपल्याकडे बोअरचे पाणी कठीण असल्याने वाळल्यावर भागांवर पांढरे डाग राहतात आणि त्यावर रंग धरत नाही, म्हणून शेवटचा हात बॅटरीत घालण्याच्या डिस्टिल्ड वॉटरचा द्यावा. पोलादी चाके आणि धुरे यांना मात्र पाणी लावू नये. उन्हाळ्यात कूलरच्या झोतासमोर ठेवलेली पोलादी चाके एका आठवड्यात तांबूस झालेली मी पाहिली आहेत.

पाचवी पायरी: जोडणी

प्लास्टिकला प्लास्टिकचेच पातळ द्रव सिमेंट लागते. ते चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एक करते; त्यामुळे तो सांधा पुन्हा सुटत नाही. आधी सगळे कोरडे जुळवून पाहावे आणि मगच ब्रशचे टोक फटीला लावावे. मे महिन्यात दुपारी हे काम करू नये, कारण द्रव फटीत शिरण्याआधीच उडून जातो. पत्र्याच्या खोलीत उन्हाच्या बाजूला ठेवलेले प्लास्टिकचे बॉयलर वाकते, हेही ध्यानात ठेवावे.

व्हाइट मेटल जोडण्याचे दोन मार्ग आहेत. नवख्याने दोन नळ्यांतले भाग मिसळून लावायचे इपॉक्सी हे चिकटद्रव्य वापरावे, कारण ते सावकाश धरते आणि भाग सरळ करायला वेळ मिळतो. दुसरा मार्ग डाख देण्याचा आहे, पण इथे रेडिओ दुरुस्तीचे नेहमीचे सोल्डर आणि नेहमीचा गरम सोल्डरिंग आयर्न चालत नाही. ते सोल्डर सुमारे १८५ ते १९० अंशांना वितळते आणि आयर्नचे टोक ३५० अंशांवर असते. व्हाइट मेटल स्वतःच दोनशेच्या वर थोड्याच अंशांवर वितळते. माझ्या पहिल्या व्हाइट मेटल इंजिनाची केबिनची पायरी टोक लागताक्षणी थेंबासारखी टेबलावर पडली, आणि ती मला पितळेतून नवी कापून करावी लागली. या कामासाठी ७० अंशांना वितळणारे खास सोल्डर मिळते, त्याला द्रव फ्लक्स (सोल्डर धातूला धरायला मदत करणारे रसायन) लावायचा आणि तापमान कमी करता येईल असा आयर्न घ्यायचा. पितळेचा भाग व्हाइट मेटलला जोडायचा असेल तर पितळेवर आधी साध्या सोल्डरचा पातळ थर चढवावा, नाहीतर हे हलके सोल्डर पितळेला धरत नाही.

या ७० अंशांच्या सोल्डरमुळे एक मोठी सोय होते. दुसऱ्या कोणी वाकडेतिकडे जोडलेले जुने इंजिन आपल्याला स्वस्तात मिळाले, तर मोटर आणि प्लास्टिकचे भाग काढून ते उकळत्या पाण्यात सोडावे. पाणी १०० अंशांचे, सोल्डर ७० अंशांचे. सांधे आपोआप सुटतात आणि भाग जसेच्या तसे मोकळे होतात. इपॉक्सीचे सांधेही उकळत्या पाण्याने बरेच मऊ पडतात. यासाठी वेगळे भांडे ठेवावे आणि ते पुन्हा कधीही स्वयंपाकघरात नेऊ नये. या धातूत शिसे असते. हलक्या सोल्डरमध्ये काही वेळा कॅडमियमही असते. म्हणून खिडकी उघडी ठेवावी, कानशीची भुकटी ओल्या कापडाने पुसून घ्यावी, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि लहान मुलांच्या हाती हे भाग देऊ नयेत. ही काळजी घेतली तर काम सुरक्षित आहे, पण ती अपवाद न करता रोज घ्यावी लागते.

जस्ताच्या अमेरिकन किटला गोंद फार लागत नाही. साच्याच्या रेघा कानशीने काढाव्यात, भोकांतली कड साफ करावी आणि स्क्रू बसवावेत. कानस लाकडाची नव्हे, बारीक दातांची घ्यावी, आणि दातांत जस्त भरले की पितळी तारांच्या ब्रशने झाडावे.

सहावी पायरी: चेसिस, कारण शरीर सगळेच छान करतात

शरीर देखणे झाले आणि इंजिन दोन फूट जाऊन लंगडले, अशी कितीतरी जुनी इंजिने मी उघडून पाहिली आहेत. दोष जवळजवळ नेहमी तीन ठिकाणी असतो: चाकांचा कोन, वीजरोधन (इन्सुलेशन) आणि मोटर.

खऱ्या वाफेच्या इंजिनात एका बाजूच्या चाकावरची क्रँकपिन (दांडा जिच्यावर बसतो ती खुंटी) आणि दुसऱ्या बाजूची क्रँकपिन यांच्यात ९० अंशांचा फरक ठेवलेला असतो, म्हणजे एका बाजूचा पिस्टन टोकाला येऊन थबकला तरी दुसऱ्या बाजूचा मध्यावर असतो आणि चाक फिरत राहते. किटमध्ये चाके आपल्याला धुऱ्यावर बसवायची असतात. कोन नेमका ९० आहे की ८८, याने मॉडेलला फारसा फरक पडत नाही. पण तिन्ही धुऱ्यांवर तो एकसारखा असलाच पाहिजे, नाहीतर एका बाजूची चाके एकमेकांना जोडणारा जोडदांडा प्रत्येक फेरीत एकदा अडतो. रोमफर्ड या कंपनीची जुनी चाके हाती आली तर नवख्याचे नशीब समजावे, कारण त्यांच्या धुऱ्यांची टोके चौकोनी असतात आणि कोन आपोआप जुळतो. गोल धुऱ्याची चाके असतील तर एका वेळी एकच जोडी बसवावी, दांडा लावावा, चेसिस काचेवर ठेवून बोटाने ढकलावे, आणि अजिबात अडत नाही असे दिसल्यावरच पुढची जोडी घ्यावी. अडत असेल तर दांड्याची भोके लगेच मोठी करू नयेत. आधी कोन तपासावा. मोठे केलेले भोक पुन्हा लहान होत नाही.

दोन रुळांच्या गाडीत एका रुळातून धन आणि दुसऱ्यातून ऋण वीज येते. म्हणून एका बाजूची चाके धुऱ्यापासून वीजदृष्ट्या तुटलेली असतात. व्हाइट मेटलचे संपूर्ण शरीर वीज वाहते, त्यामुळे तुटलेल्या बाजूचे चाक शरीराच्या किंवा ब्रेकच्या भागाला जरासे जरी घासले तरी शॉर्ट होतो, आणि तो बहुधा वळणावरच होतो. रंग चढवण्यापूर्वी मल्टिमीटर लावून हे तपासावे. चाकांच्या पाठींमधले अंतर ओओ मापात साधारण १४.५ मिलिमीटर असावे. जुनी जाड कडांची चाके आजच्या बारीक रुळांच्या सांध्यावर उड्या मारतात, आणि ती बदलण्याशिवाय दुसरा उपाय नसतो.

मोटरच्या बाबतीत घाई अजिबात करू नये. जुन्या उघड्या चौकटीच्या मोटरचा चुंबक अल्निको या मिश्रधातूचा असेल तर मोटर उलगडताना त्याच्या टोकांवर लोखंडाचा तुकडा लावून ठेवावा. तसा न लावता चुंबक बाजूला काढला तर त्याची शक्ती घटते, मोटर गरम होऊ लागते आणि जोर कमी पडतो. कम्युटेटर (फिरत्या गुंडाळीला वीज देणारा, मोटरच्या धुऱ्यावरचा तांब्याच्या पट्ट्यांचा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, त्याच्या तीन पट्ट्यांमधल्या फटी दात कोरण्याच्या काडीने साफ कराव्यात, आणि कोणत्याही दोन पट्ट्यांमधला रोध मल्टिमीटरवर मोजावा. तिन्ही आकडे सारखे आले तर गुंडाळी शाबूत आहे. एक आकडा वेगळा आला तर ती मोटर बदललेली बरी. तेल घड्याळाचे वापरावे आणि एकच थेंब द्यावा. शिवणयंत्राचे तेल जास्त पडले की ते कम्युटेटरवर जाऊन कार्बनशी मिसळते आणि काळी राबडी होते.

जुन्या डब्याबरोबर जुना ट्रान्सफॉर्मरही आला असेल तर तो भिंतीच्या सॉकेटला लावू नये. अमेरिकन ट्रान्सफॉर्मर ११५-१२० व्होल्टचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टवर तो जळतो. ब्रिटिश ट्रान्सफॉर्मरचे व्होल्टेज जुळते, पण त्याच्या वायरीवरचे रबर इतक्या वर्षांत कडक होऊन तुटलेले असते. मोटरची चाचणी ९ व्होल्टच्या बॅटरीवर करावी, आणि नंतर गाडी चालवायला १२ व्होल्टचा नवा, शॉर्ट झाल्यास आपोआप बंद होणारा कंट्रोलर घ्यावा.

सातवी पायरी: रंग आणि अक्षरे

धातूवर आधी प्रायमर, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात. उन्हाळ्यात फवारणी सकाळी सातच्या आत उरकावी. दुपारी रंगाचा थेंब इंजिनावर पोहोचण्याआधीच वाळतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. पावसाळ्यात दमट हवेने वॉर्निश पांढरट पडते, म्हणून उघडीप पडेपर्यंत थांबावे. जुनी पाण्यात भिजवायची डेकल्स, म्हणजे इंजिनावर उतरवायची छापील अक्षरे-चिन्हे, पिवळी पडलेली असली तरी टाकून देऊ नयेत. मी ती पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवतो, आणि आपल्या उन्हात काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. त्यानंतर त्यांवर पातळ वॉर्निशचा एक हात द्यावा, नाहीतर पाण्यात सोडताच त्यांचे तुकडे होतात.

आपले इंजिन करायचे असेल तर

एखाद-दोन किट्स हातून पूर्ण झाली की मराठवाड्यातल्या माणसाला वायपी किंवा वायजी इंजिन करावेसे वाटतेच. वाय म्हणजे मीटर गेज, पी म्हणजे प्रवासी आणि जी म्हणजे माल. वायपीची चाकरचना ४-६-२ (पुढची छोटी, मधली मोठी आणि मागची छोटी चाके) आणि वायजीची २-८-२. इथे गेजचा हिशेब आधी करावा. एक मीटरला एचओच्या ८७ ने भागले की साडेअकरा मिलिमीटर येतात, म्हणजे १२ मिलिमीटरचे रूळ पुरेसे जवळचे आहेत, आणि तेच माप टीटी या एचओपेक्षा लहान प्रमाणातल्या जुन्या चेसिसांचे आहे. म्हणून टीटीचे जुने ४-६-२ चेसिस आणि त्यावर एचओ प्रमाणात पितळी पत्र्यातून कापलेले शरीर, हा मला सर्वांत व्यवहार्य मार्ग वाटतो. बार्शी लाइटसाठी हिशेब आणखी सोपा आहे: ७६२ ला ८७ ने भागले की पावणेनऊ येतात, आणि ९ मिलिमीटरचे ‘एन’ मापाचे रूळ व चेसिस सगळीकडे मिळते. कॅलथ्रॉप यांनीच पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही १९०४ मध्ये सुरू झालेली मार्गिका उभारली आणि तिची इंजिने बार्शीच्या पहिल्या इंजिनांप्रमाणेच लीड्सच्या किटसन कारखान्यात झाली. त्यांच्या केबिनचे दुहेरी छप्पर आणि समोरचा मोठा दिवा पाहिला की लातूरच्या माणसाला ती परकी वाटत नाहीत. या इंजिनाचे रेखाचित्र समोर ठेवून काम सुरू करणे बार्शीच्या इंजिनाकडे जाण्याचा चांगला मधला टप्पा आहे.

ब्रॉड गेजच्या वाटेला मात्र नवख्याने लगेच जाऊ नये. १६७६ मिलिमीटरला ८७ ने भागले की १९ मिलिमीटरच्या वर जाते आणि तेवढ्या मापाचे तयार रूळ दुकानात नसतात, १६.५ च्या रुळांवर केलेले आपले ब्रॉड गेज इंजिन चाकांपाशी अरुंद दिसते, आणि ज्याने ते खरे इंजिन पाहिले आहे त्याच्या नजरेला ते खटकते.

चालती मांडणी प्रत्यक्ष पाहायची असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे, आणि खरी जुनी इंजिने जवळून मोजायची असतील तर दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. जाताना मोजपट्टी आणि वही न्यावी. हात लावण्याची परवानगी कोठे आहे ते आधी विचारावे, आणि फोटो काढताना मोजपट्टी चौकटीत येईल असा काढावा, म्हणजे घरी आल्यावर मापे काढता येतात.

इंजिन पूर्ण झाले की ते पहिला अर्धा तास मागे गाडीचे डबे न जोडता, मंद गतीने, दोन्ही दिशांना फिरवावे, मग गिअर पुन्हा पुसून तेलाचा थेंब द्यावा. किटच्या डब्यात एक चिठ्ठी ठेवावी: कोणते सोल्डर किंवा कोणता गोंद वापरला, कोणता स्क्रू बदलला, कोणते चेसिस आणि कोणती चाके घातली, तारीख काय. वीस वर्षांनी जो कोणी ते इंजिन उघडेल, त्याला ते उकळत्या पाण्यात सोडायचे की नाही, हे त्या चिठ्ठीवरून कळेल.